दोनशे पाचचा माज

पार्किंगमध्ये गाडी दिसली की माझी नजर आधी टायरवर जायची. ते बारीक असले की मालकाला गाडीतलं काही कळत नाही, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकायचो. ‘सायकलचे टायर लावलेत’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. हा माज मी कित्येक वर्षं बाळगला, आणि तो एकदा तरी तपासून बघावा असं मला कधी वाटलं नाही.

आला कुठून तो? थोडा टीव्हीवरून. फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये मागचे टायर ३२५ मिलिमीटरवरून ४०५वर नेले, पुढचे २४५वरून ३०५वर, आणि गाड्या वळणांवर भलत्याच वेगाने जाऊ लागल्या. एवढे हुशार इंजिनिअर रुंदीच्या मागे लागलेत म्हटल्यावर माझी स्विफ्ट त्याला अपवाद कशी असेल? त्या गाड्यांना हवाच वरून दाबून धरते, त्यांचा ट्रॅक गुळगुळीत असतो, हे मला ठाऊक होतं; पण ते सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. रुंद टायर भारी दिसतात, मडगार्ड भरल्यासारखं वाटतं. मला गाडी मिरवायची होती आणि मी बोलत होतो हँडलिंगबद्दल.

तर कंपनीने दिलेले १८५/६५ आर १५ निम्मेही झिजले नसताना मी उतरवले आणि सोळा इंची अलॉयवर २०५/५५ चढवले. दुकानातून बाहेर पडल्या पडल्या स्टिअरिंग जड लागलं. मी खूश. जड म्हणजे पकड, असं माझं गणित. गाडी उचल खायला जरा मंद झाली होती. नव्या टायरांचा व्यास जुन्यांपेक्षा एक सेंटिमीटरने मोठा, त्यात वजन, त्यामुळे ते होणारच होतं; मी काणाडोळा केला. ट्रकांनी पाडलेल्या चरांमागे गाडी ओढली जायची तेव्हा मी म्हणायचो, ‘आता रस्ता हाताला कळतो.’ स्वतःची इतकी सराईत फसवणूक मी दुसऱ्या कुठल्या बाबतीत केली असेल असं वाटत नाही.

याच काळात मेहुण्याने विचारलं, “दाजी, माझ्या गाडीलाही घालू का?” त्याचा पगार बेताचा. मी म्हटलं, “घाल रे, फरक लगेच कळेल.” त्याने घातले. माझे पैसे गेले त्याचं काही नाही, पण हे मात्र अजून खुपतं.

पावसाळ्याच्या अखेरीस ताम्हिणीत पुढचं डावं चाक एका खड्ड्यात आदळलं आणि टायरच्या बाजूला फुगा आला. असा टायर घेऊन फिरायचं नसतं, आतले धागे तुटलेले असतात. त्या मापाचा, त्याच नक्षीचा टायर लगेच मिळेना. माळ्यावर जुना संच पडून होता, तोच चारही चाकांना लावला. तात्पुरता, असं स्वतःला बजावून.

पुढच्या खेपेला त्याच घाटात गेलो. मुळशीचं पाणी मागे पडून रस्ता कोकणाकडे उतरायला लागतो, त्या टप्प्यात एक डावं वळण आहे, ऐन वळणात डांबराची ठिगळं असलेलं. तिथे माझ्या गाडीचा मागचा भाग नेहमी थोडा बाजूला उडायचा. मी तिथे आधीच ॲक्सिलरेटर सोडायचो आणि हा त्या वळणाचाच स्वभाव आहे असं धरून चालायचो. त्या दिवशीही पाय सैल केला, हात आवळले आणि ती उडी येण्याची वाट बघितली. आली नाही. चाकं ठिगळांवर खालीवर झाली, ते स्पष्ट जाणवलं, पण गाडी होती त्याच रेषेत राहिली. मला वाटलं, वेग कमी असेल. पुढच्या वळणाला पाय सोडला नाही. तिथेही तेच. स्टिअरिंग हलकं होतं, पण हाताला येणारी बातमी जास्त होती: आता खडी आहे, आता ओल आहे, आता पुढची चाकं जरा घसरतायत. रुंद टायरांवर मला यातलं काही कळत नव्हतं. कळत होता तो नुसता जडपणा.

खाली उतरून चहाला थांबलो. कोणालाही आनंद झाला असता. मी मात्र सबबी शोधत बसलो. हवा कमीजास्त असेल. जुन्या टायरांची नक्षी झिजलीय, म्हणून ते कमी डुलत असतील. रस्त्यावर नवं डांबर पडलं असेल. रुंदी हरली, हे सोडून दुसरं काहीही चाललं असतं.

नवा टायर आल्यावर रुंद संच परत चढवला, गेज लावून हवा मोजली आणि मुद्दाम त्याच वाटेने गेलो. ती उडी हजर होती.

मग मला जे खरेदीआधी सुचायला हवं होतं ते सुचलं. दोन्ही संचांतलं एकेक चाक भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवलं. जुनं रिमसकट साडेपंधरा किलो, नवं जवळजवळ एकोणीस. “विकायचंय का?” त्याने विचारलं. अलॉय घेताना मी रंग बघितला होता, नट-बोल्ट जुळतात का ते बघितलं होतं. वजन विचारलं नव्हतं.

गाडीचा बहुतेक भार स्प्रिंगांवर बसलेला असतो. चाक, टायर, ब्रेक हे मात्र स्प्रिंगच्या खाली. उंचवट्याने चाक वर फेकलं की त्याला परत रस्त्यावर टेकवायचं काम स्प्रिंगचं. चाक जड असेल तर ते उशिरा परततं, आणि तेवढा वेळ टायरवर पुरेसा भार नसतो. भार नाही तिथे पकड नाही, मग रबर कितीही रुंद असो.

आणि ती रुंदी तरी किती जमिनीला लागते? माझ्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार, हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टकार्डाएवढी जागा. टायर रुंद केला तरी भार तोच आणि हवा तीच, त्यामुळे ही जागा फारशी वाढत नाही. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते.

रुंदी अगदीच फुकट, असं मी म्हणत नाही. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारायची मला हौस नाही. भार वाढतो त्या प्रमाणात रबराची पकड वाढत नाही, म्हणून भार पसरलेला बरा, आणि तो आडवा आकार वळणात उपयोगी पडतो. कोरड्या, सपाट ट्रॅकवर दमदार गाडीला रुंद टायरच हवेत. माझी गाडी ८३ पीएसची आणि रस्ता ताम्हिणीचा. तिथे पाऊसही असतो, आणि साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो लवकर तरंगतो.

टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ ही २०० पीएसची स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिला २१५ रुंदीचे, प्रियसला मिळत त्याच जातीचे मिशेलिन टायर दिले होते. मी मित्रांमध्ये ‘कंजूष लेकाचे’ म्हणून हसलो होतो. ते त्यांनी ठरवून केलं होतं. पकड जरा कमी असली तरी चालेल, पण ती सुटायला लागली की साध्या वेगातही ड्रायव्हरला कळली पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. आता तर फॉर्म्युला वननेही २०२६च्या नियमांत मागचे टायर ३० मिलिमीटरने आणि पुढचे २५ने अरुंद केले, शिवाय गाडीचं किमान वजनही घटवलं.

मी अलॉय विकले. मूळ रिमांवर मूळ मापाचेच, पण चांगल्या रबराचे टायर घेतले. ओल्या रस्त्यावर जो फरक पडला तो रबराच्या दर्जाने पडला.

मेहुण्याला सगळं सांगितलं, काट्याचे आकडेसुद्धा. तो म्हणाला, “पण दाजी, दिसतात मस्त!” मूळ मापाचे टायर घेतलेस तर निम्मे पैसे मी देतो, असं त्याला सांगून ठेवलंय. त्याच्या गाडीवर अजून रुंदच आहेत.