सुनेस लिहिलेले तोफखान्याचे पत्र

इंदूरचा इतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा असेल त्याने राजवाड्याच्या सात मजल्यांकडे मान उंचावून पाहण्याआधी होळकरांच्या दफ्तरातील पत्रे वाचावीत, असे मला दिवसेंदिवस अधिकाधिक वाटू लागले आहे. कारण त्या वाड्याने १८०१ ची जाळपोळ सोसली, १९८४ ची आग सोसली, आणि प्रत्येक वेळी त्याचे रूप थोडे पालटले, परंतु वा. वा. ठाकूर यांनी ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे कागद छापून ठेवले, त्यांतला माणसांचा आवाज मात्र जसाच्या तसा राहिला आहे.

त्यांतील १७६५ मधील एका पत्रापाशी मी वारंवार थांबतो. मल्हारराव होळकर उत्तरेच्या मोहिमेवर आहेत आणि अहिल्याबाईंस लिहीत आहेत. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना तेथे ठेवून दारूगोळ्याची होईल तितकी तरतूद करावी, आणि पुढील वाटेच्या बंदोबस्तासाठी चौक्या बसवाव्यात, असा त्या पत्राचा आशय आहे. कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा पुत्र आणि अहिल्याबाईंचा पती खंडेराव पडल्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ज्या काळी विधवेच्या वाट्याला माजघरातला कोपरा येई, त्या काळी पुत्रशोकाने पोळलेला एक वृद्ध सेनानी आपल्या सुनेस दारूगोळ्याचा तपशील कळवितो, आणि तो अशा सहजतेने की जणू हे काम तिच्यावाचून दुसऱ्या कोणाचे नव्हेच! सांत्वनाचा एक शब्द नसलेल्या त्या हुकुमात मला जे वात्सल्य दिसते, ते मोठमोठ्या शोकपत्रांतही क्वचितच आढळते.

अमेरिकेच्या आद्य मुत्सद्द्यांची पत्रेही मी आदराने वाचतो. वॉशिंग्टन हा अहिल्याबाईंहून सात वर्षांनी धाकटा, म्हणजे ही सारी एकाच युगाची माणसे. जेफर्सन लिहिता लिहिताच पत्राची दुसरी प्रत उमटविणारे यंत्र वापरी. ॲडम्सशी त्याचा जो वृद्धापकाळचा पत्रव्यवहार १८१२ पासून चालला, त्यात धर्म, राज्य, मानवी स्वभाव यांचा थोर ऊहापोह आहे, आणि भावी पिढ्या हे वाचतील याचे भानही आहे. आमच्या मोडी कागदांस ते भान नाही. ज्या दिवसाचे काम त्या दिवशी मार्गी लावावे, एवढ्यासाठीच ते लिहिले गेले; म्हणूनच त्यांवर माझा विश्वास अधिक बसतो.

१७६६ मध्ये आलमपुरास मल्हारराव निवर्तले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा पुत्र मालेरावही गेला, आणि महेश्वरी नर्मदेच्या काठी राहून अहिल्याबाई श्रीशंकराच्या नावाने आज्ञापत्रे काढू लागल्या. तुकोजी होळकर लष्कर घेऊन दूर मुलखात असत आणि खर्चासाठी द्रव्य मागत. बाई त्यांस जमाखर्चाचा हिशेब मागत. त्या मागणीतला नेमकेपणा वाचताना सासऱ्याची तालीम ओळखू येते.