तीनशे ऐंशी डॉलरचं युरोप

तिकिटं शोधणं हा माझा छंद आहे, असं मी म्हणतो. बायको त्याला व्यसन म्हणते.

२०२४ चा फेब्रुवारी. मे महिन्यात लग्नाला दहा वर्षं होणार होती आणि "या वेळी पॅरिस, कारणं नकोत," अशी घरून ताकीद मिळालेली. आम्ही राहतो न्यू जर्सीत, म्हणजे अटलांटिकच्या या काठावर. झाला माझा खेळ सुरू. रोज रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप घेऊन बसायचं. तारखा दोन दिवस पुढे, तीन दिवस मागे. विमानतळ बदलून बघ. शनिवारऐवजी मंगळवारी निघून बघ.

एक युक्ती सांगतो, कामाची आहे. जायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्यातून. याला 'ओपन जॉ' म्हणतात. लंडनहून लांबच्या विमानाने निघालात की ब्रिटन सरकार प्रवाशावर जाडजूड कर लावतं. तिथे उतरायला मात्र तो कर नाही. म्हणून जाताना लंडन, येताना पॅरिस.

एका शुक्रवारी रात्री एक वाजता आकडा दिसला : माणशी ३८० डॉलर! हात थरथरत होते हो. तिकिटं काढली, लंडनमध्ये दोन दिवस राहून पॅरिसला जायची ट्रेनही लगेच काढली, परतावा न मिळणारी, सगळ्यात स्वस्त. जग जिंकून झोपलो.

शनिवारी दुपारी बायकोने चहा पिता पिता विचारलं, "लंडनला वेगळा व्हिसा लागतो ना रे?"

लागतो. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. म्हणजे दोन व्हिसे, दोन फिया, दोनदा बोटांचे ठसे. स्वस्ताई तिथेच संपली होती. तरी म्हटलं, बघू, करू काहीतरी. अर्जासाठी पासपोर्ट काढले, आणि पोटात गोळा आला. दोघांच्याही पासपोर्टवरचे अमेरिकेचे व्हिसा स्टॅम्प २०२२ मध्येच संपले होते.

एच-वन वाल्यांना हे सांगायला नको. मुदतवाढीचा कागद हातात असला की इथे राहता येतं, काम करता येतं. बाहेर गेलं की परत यायला नवा स्टॅम्प लागतो. महिन्याभराच्या आतल्या कॅनडा-मेक्सिको वारीला सूट आहे, पॅरिसला नाही. गेलो असतो तर नोकरी, घर, गाडी इकडे आणि आम्ही तिकडे. दिवसाला आठ तास दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा मी, स्वतःचा पासपोर्ट उघडून बघितला नव्हता.

एका नियमाने वाचवलं. अमेरिकेतून निघणारं तिकीट विमान कंपनीकडूनच, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं असेल, तर कंपनीने २४ तासांत ते फुकट रद्द करू द्यायचं किंवा पैसे न घेता तेवढा वेळ राखून ठेवायचं, असा सरकारी नियम आहे. आमच्या कंपनीत रद्द करायची सोय होती. रात्री साडेदहाला रद्द केलं. ट्रेनचे पैसे गेले.

बायको काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग डिसेंबरात पुण्याला गेलो, मुंबईत स्टॅम्पिंग केलं, आणि २०२५ च्या मे मध्ये, अकराव्या वाढदिवसाला, निघालो. तिकीट माणशी ६२० डॉलर, आइसलँडएअरचं. ते जादा भाडं न घेता वाटेत रेक्याविकला सात दिवसांपर्यंत थांबू देतात. आइसलँड शेंगेनमध्ये आहे, म्हणजे व्हिसा एकच. तीन दिवस तिथे, मग पॅरिस, परत ॲमस्टरडॅमहून.

रेक्याविकला रात्री साडेदहाला लख्ख उजेड होता. दोघं समुद्राकाठी बसलो होतो. मी मनात दोनशे चाळीस गुणिले दोन करत होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पासपोर्ट आहेत ना खिशात? मग आकडे बंद कर."

केले. तासाभरासाठी तरी.