दंडाचे माप

दिनांक १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यास कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने मोटारसायकलवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा, एका मुलाचा व एका मुलीचा, बळी घेतला. मुलगा मद्य प्यालेला होता असा पोलिसांचा आरोप. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्यास जामीन दिला आणि रस्त्यांवरील अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी इतर अटींबरोबर एक अट घातली. आम्ही नांदेडास व लातुरास मिळून चौतीस वर्षे मुलांचे निबंध तपासले. तेव्हा 'मास्तर, तुमचा विषय आता फौजदारी कायद्यात गेला' ही शेजाऱ्यांची थट्टा आमच्या वाट्यास यावयाचीच होती.

निबंध ही शिक्षा म्हणून आम्ही वर्गात कधी दिली नाही. तसे केले म्हणजे मुलास अपराधाचा नव्हे, लेखनाचा तिटकारा येतो. परंतु सतरा वर्षांच्या पोरास आयुष्यभर तुरुंगात डांबावे, असे ओरडणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसलो नाही. आमच्या मनात प्रश्न आला तो निराळाच. किल्ली त्याच्या हाती कोणी दिली?

वाचकांस नवल वाटेल, पण हाच प्रश्न मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या संबंधाने विचारलेला आहे. त्या ग्रंथातील वर्णभेदाचे दंड आज कोणीही सुज्ञ मान्य करणार नाही, आम्हीही करीत नाही. तथापि गाडीचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा हाकणाऱ्याने 'बाजूस व्हा' म्हणून ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड नाही. हाकणारा कुशल असून चुकला तर दंड त्याचा. मात्र तो अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली आणि हिंसा झाली, तर गाडीच्या मालकास दोनशे पण दंड. आणि अशा माणसाच्या गाडीत जे बसले त्यांसही प्रत्येकी शंभर! मद्य प्यालेल्यापरता अकुशल सारथी कोणता? मालकाची ही जबाबदारी आमच्या मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन चालकापुरती स्पष्ट शब्दांत आली ती २०१९ च्या दुरुस्तीने: पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. गाडीत बसणाऱ्यांस मात्र अद्याप कोणी विचारीत नाही.

त्याच दुरुस्तीने मद्य पिऊन गाडी चालविण्याचा पहिल्या खेपेचा दंड दोन हजारांवरून दहा हजार झाला. सोबत सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले की गुन्हा. महाराष्ट्राने हे वाढीव दंड लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. आमच्या गल्लीतील एक टेम्पोवाला अहमदपुराहून लातुराकडे येताना चाकुराजवळ पकडला गेला. दोष त्याचाच, यात संशय नाही. परंतु त्याने दहा हजार भरले म्हणजे घरात महिनाभर काय शिजले असेल ते आमच्या घरातील मंडळींनी पाहिले. त्याच्या बायकोच्या कानांतली कुडी सराफाकडे गेली ती आजतागायत परत आली नाही. हाच दहा हजारांचा आकडा पोर्शे मोटारीच्या धन्यास लागू करा! मेजवानीच्या बिलात तो दिसणारसुद्धा नाही. सामान्य माणसास जेथे एक कार्षापण दंड, तेथे राजास सहस्र, असे त्याच आठव्या अध्यायात सांगितले आहे. फिनलंड देशात आजही दंड माणसाच्या प्राप्तीवर आकारतात. २०२३ साली एका धनिकास केवळ वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल १,२१,००० युरो मोजावे लागले. आमच्याकडे मात्र समान आकडा म्हणजे समान न्याय, अशी समजूत दृढ आहे.

आमची धाकटी सून वकिली करते. रात्री पंगतीस हा विषय निघाला तेव्हा आमच्या थोरल्या चिरंजिवांनी दहा वर्षांची सक्तमजुरी हवी म्हणून पाट दणाणविला. ती म्हणाली, "मामंजी, कलमात दहा वर्षे पूर्वीपासून आहेतच." तिने मुंबईच्या कार्टर रोडचा खटला सांगितला. नोव्हेंबर २००६ मध्ये तेथे पदपथावर निजलेले सात मजूर मोटारीखाली ठार झाले. चालकाच्या रक्तात मद्य सापडले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा अपुरी असल्याचे म्हटले, परंतु वाढ मागणारे अपील सरकारने केलेच नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. सात जीव, तीन वर्षे! २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच केली आहे खरी. "पण रक्तच वेळेवर घेतले नाही तर?" हा सूनबाईचा पुढचा प्रश्न. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर अशा माणसास सोडावे लागते. (रात्री दोन वाजता आमच्या बाजूच्या खेड्यात डॉक्टर शोधून दाखवा!) आणि पुण्याच्या प्रकरणात तर मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांस अटक झाली. टेम्पोवाल्याचे रक्त बदलावयास कोण येणार? थोरले चिरंजीव यावर काही बोलले नाहीत, ताकाची वाटी पुढे सरकविली एवढेच.

आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती ते शंभर पण दंड झालेली, गाडीत बसणारी मंडळी. आपल्या सुशिक्षित घरांत हल्ली लग्नाच्या आदल्या रात्री तरुण मंडळी कोठे व कशासाठी जमते, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी त्यांतलाच एखादा लाल डोळ्यांनी चाकाशी बसतो. मागे आत्याबाई, मावशी, कडेवरचे मूल. वास सर्वांस येतो, बोलत कोणीच नाही, कारण शुभकार्यात वाईट दिसते.

येत्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याचे लग्न नांदेडास आहे. वऱ्हाडाच्या गाड्या कोण चालविणार, त्यांची नावे आदल्या दिवशी कळवावीत, आणि रात्रीच्या बैठकीस गेलेल्या कोणाच्याही हाती किल्ली देऊ नये, अन्यथा आम्ही दोघे एस. टी.ने येऊ, असे पत्र आम्ही वराच्या मामांस धाडले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.