झाकण

चाकण एमआयडीसीत गिऱ्हाईक टपरीवर येतं त्याहून चहाच जास्त फिरतो. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी. गेटातून आत, शॉपमधल्या शेवटच्या मशीनपर्यंत. उकळणं सोपं. वाटेत चहा गरम राखणं हे माझं खरं काम.

चाकण उंचावर, म्हणून इथे पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. तिथून चहा उतरणीला लागतो. ग्लासाचा चटका बसतो, त्यामुळे सगळी उष्णता काचेतूनच जाते असं वाटतं. काचेतूनही जाते, पण मोठी गळती वरच्या तोंडातून, वाफेवाटे होते. १०० मिली चहातलं एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं की उरलेला चहा पाच-साडेपाच अंशांनी उतरतो. त्यात प्रेस शॉपचा मोठा पंखा चहावरची दमट हवा सारखी ओढून नेतो. म्हणून मी जाड किटलीपेक्षा घट्ट झाकणाला जास्त मानतो. साय धरलेला चहा पाहून लोक नाक मुरडतात. मला ती साय आवडते, कारण तीही वाफ अडवते. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली दोन भिंतींमधली हवा काढलेलं भांडं बनवलं, त्यातूनच पुढे थर्मास आला. पण बूच सैल असलं तर त्याचाही इलाज चालत नाही.

थंडीतल्या तिसऱ्या शिफ्टला ग्लासही उष्णता खातो. शंभर ग्रॅमचा ग्लास १५ अंशांवर गार पडलेला असेल, तर ९० अंशांचा तेवढाच चहा ओतताच बारा-एक अंश गमावतो. आधी ग्लास गरम पाण्याने विसळावाच.

पेपर कपाला वजनच नाही, त्यामुळे त्यात चहा जवळपास तसाच कढत राहतो. आणि सुट्टी असते दहा मिनिटांची! पोरं घाईघाईने घोट घेतात, ते मला बघवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांवरच्या पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. पूर्वी बशी होती. चहा पसरला की भराभर निवायचा. शॉपमध्ये आता बशी कोण नेणार? म्हणून मी कप अर्धाच भरतो, संपला की पुन्हा देतो. तेवढा चहा लवकर पिण्याजोगा होतो, आणि बाकीचा किटलीत गरम राहतो.