लाल रेघांचा ताप

प्रबंध तपासताना मार्गदर्शकाचे डोके तापते, यात आमच्या व्यवसायाला नवे काही नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्याआधी संगणक तापला. डोंबिवलीच्या घरी रात्री अकराच्या सुमारास विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या प्रबंधाची फाईल उघडली की लॅपटॉपचा पंखा घुरघुरू लागे. कळ दाबावी आणि अक्षर उमटण्याची वाट पाहत बसावे, असा प्रकार. प्रबंध सादर करायला बारा दिवस उरले होते.

प्रबंधाचा विषय होता आगरी समाजातील धवले. लग्नाच्या विधींमध्ये धवलारीण ही गाणी म्हणते. महानुभाव कवयित्री महदंबेच्या तेराव्या शतकातील ‘धवळ्यां’शी त्यांचे नाते नामसाम्याच्या पुढे किती जाते, हा प्रबंधातला एक प्रश्न होता. कल्याण-डोंबिवलीला लागून असलेल्या २७ गावांपैकी एका गावची ही मुलगी, आणि तिची आजी स्वतः धवलारीण. बहुतेक सामग्री आजीच्या तोंडची होती. आजी २०२० साली गेली.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, आधी दोष प्रोग्रॅमचा की फाईलचा, ते ठरवा.” त्यांच्या सांगण्यावरून टास्क मॅनेजर उघडला. लेखनाचा प्रोग्रॅम एकटाच प्रोसेसरची नव्वद टक्क्यांहून अधिक शक्ती खात होता, आणि तीही मी काहीच लिहीत नसताना. मग कंट्रोलची कळ दाबून धरून तोच प्रोग्रॅम जोडीच्या उपप्रोग्रॅमांशिवाय सुरू केला आणि कोरी फाईल उघडली. आकडा दोन-तीन टक्क्यांवर उतरला. त्याच अवस्थेत प्रबंध उघडला, की पुन्हा नव्वद. म्हणजे उपप्रोग्रॅमही निर्दोष. दोष फाईलचा होता.

पुढची रीत मला ओळखीची वाटली. फाईलची प्रत करायची, तिचे दोन भाग करायचे आणि कोणता भाग तापतो ते पाहायचे. तापलेल्या भागाचे पुन्हा दोन. पाठचिकित्सेत आपण दुसरे काय करतो? पोथ्यांची कुळे लावतो आणि भ्रष्ट पाठ नेमका कोणत्या पानावर शिरला, तिथवर मागे जातो. ३४० पानांचा प्रबंध सहा वेळा दुभागल्यावर दोष सापडला. तो शेवटच्या परिशिष्टात, सहा पानांत होता.

ती पाने जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली होती. स्टेशनजवळच्या डीटीपी केंद्रात काही वर्षांपूर्वी झालेले ते काम. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, जागा आहे; पण छपाईच्या व्यवसायात जुने फाँट त्यानंतरही वर्षानुवर्षे चालले. या फाँटमध्ये दिसते ते देवनागरी, पण आत साठवलेले असते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. फाँट म्हणजे वरचा मुखवटा. महानुभावांनी सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल करून ग्रंथ झाकून ठेवले. इथे कुणाला काही झाकायचे नव्हते, तरी परिणाम तसाच झाला होता.

बिचारा प्रोग्रॅम ती पाने इंग्रजी समजून वाचत होता. त्याच्या लेखी प्रत्येक शब्द चुकीचा, म्हणून प्रत्येकाखाली लाल रेघ. त्यात टाईप करणाऱ्याने प्रत्येक ओळीनंतर नवा परिच्छेद न घेता नुसती ओळ तोडली होती, त्यामुळे सहा पाने मिळून एकच परिच्छेद झाला होता. शुद्धलेखनाची तपासणी पार्श्वभूमीवर अखंड चालू. ती संपते न संपते तोच पानांची मांडणी पुन्हा सुरू. अखेरीस एक सूचना झळकली. तिचा मथितार्थ असा, की या मजकुरात चुका इतक्या आहेत की त्या दाखवत राहणे शक्य नाही. ते वाचून मी मोठ्याने हसले. काही उत्तरपत्रिका तपासताना मलाही असेच म्हणावेसे वाटते.

उपाय सोपा दिसत होता. तीच गाणी चौथ्या प्रकरणात युनिकोडमध्ये होतीच. मी विद्यार्थिनीला फोन करून सांगितले, “परिशिष्टातली ती सहा पाने मी काढून टाकते.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, ती नका काढू. आजीची खरी गाणी तेवढीच उरलीत.”

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, तेव्हा तिची वही आणि आधीची ध्वनिमुद्रणे असलेला मोबाईल, दोन्ही पाण्यात गेले. नंतरची गाणी तिने पुन्हा मुद्रित केली, पण अकरा गाणी आजीला पुन्हा नीट आठवली नाहीत. सुदैवाने वहीतली ती गाणी पुराआधीच टाईप झाली होती. हीच ती सहा पाने.

“पण चौथ्या प्रकरणात तीच आहेत ना?” मी विचारले.

“ती तुम्ही तपासलेली आहेत,” ती म्हणाली.

त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते लागले. मी फोन ठेवला आणि दोन्ही पाठ शेजारी शेजारी मांडले. आजीच्या ‘पानी’चे मी ‘पाणी’ केले होते, ‘डोला’चे ‘डोळा’. वाचकाला अर्थ लागावा, हा हेतू. पण पुढे पुढे हेतू मागे पडून हात आपोआप चालला होता. वर्गात मी बोलींच्या स्वायत्ततेवर तासभर बोलते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम आणि १९७२ ची त्यांतली भर प्रमाणलेखनासाठी आहे, बोलीच्या नोंदीसाठी नाही, हेही सांगते. आणि लाल पेन हाती आले की ते सारे विसरते. विद्यार्थिनीने दुरुस्त्या निमूटपणे स्वीकारल्या होत्या, कारण मार्गदर्शकाशी वाद घालायचा नसतो हे तिला आम्हीच शिकवले आहे. तो प्रोग्रॅम निदान अनोळखी शब्दाखाली रेघ ओढून थांबत होता. मी शब्दच बदलले होते.

पुढचे चार दिवस त्या सहा पानांवर गेले. परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला. पहिली वेलांटी आणि रफार जागोजागी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले होते, ते दोघींनी मिळून ओळीओळीने नीट केले. कुठे अडले की ती गाणे हळू आवाजात म्हणून पाही, आणि वेलांटी कुठली ते त्यावरून ठरे. प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद केली. चौथ्या प्रकरणात आजीचे पाठ परत बसवले आणि अर्थ तळटीपांत दिले. सरतेशेवटी साऱ्या गाण्यांचा मजकूर निवडून त्याची शुद्धलेखन-तपासणी बंद केली. पंखा थांबला. प्रोसेसरचा आकडा तीन टक्क्यांवर आला.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापणाऱ्यांपैकी एक वि. ल. भावे पुढे महानुभाव वाङ्मयाकडे वळले. त्यांच्यासारख्यांनी जुन्या पोथ्या वाचताना अनोळखी रूप दिसले की ते दुरुस्त करण्याऐवजी जपायचे, हे भान राखले नसते, तर महदंबा आपल्यापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचली असती, हा विचार त्या रात्री मनात आला.

प्रबंध मुदतीत सादर झाला. असो. एक हिशेब मात्र बाकी आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या हाताखालून बोलीभाषेवरचे आणखी काही प्रबंध गेले आहेत. त्यांच्या मूळ वह्या कुठे आहेत, हे मी त्या त्या विद्यार्थ्यांना एकेक करून विचारते आहे. आतापर्यंत दोघांनी सांगितले, की तपासून झाल्यावर त्या रद्दीत घातल्या.