शहाडचा धागा आणि चाकातील हवा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. स्थानकालगतच उल्हासनगरची दाट वस्ती सुरू होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांसाठी हे नगर वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हास नदीवरून नाव मिळाले. शहाडची स्वतःची ओळख मात्र दोन गोष्टींनी घडली : आषाढीला भाविकांनी फुलून जाणारे बिर्ला परिवाराचे विठ्ठल मंदिर आणि त्याच परिवाराने उभारलेला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना.

कापडाच्या व्यापारातील कुटुंबांना रेयॉनचा धागा नवा नाही. लाकडाच्या लगद्यापासून निघणारा हा चमकदार धागा साड्यांत आणि भरतकामात पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. परंतु शहाडच्या कारखान्यात वस्त्रांच्या धाग्याबरोबरच टायरच्या अंगातील दोरधागाही तयार होत आला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. टायर बाहेरून रबराचा दिसला, तरी त्याच्या पोटात धाग्यांचे किंवा पोलादी तारांचे थर असतात. रेयॉनचा धागा उष्णतेतही आपला आकार सहसा सोडत नाही, म्हणून वेगवान मोटारींच्या टायरमध्ये त्याला मान आहे. आपल्याकडील ट्रक-बसच्या टायरमध्ये प्रामुख्याने नायलॉन किंवा पोलाद असते. धागा कोणताही असो, गाडीचा भार मुख्यतः हवा पेलते आणि त्या हवेला धागा आवरून धरतो. हवा कमी झाली की सगळा ताण धाग्यावर येतो.

शहाडच्या उड्डाणपुलावरून मुरबाड, माळशेज घाट आणि पुढे अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता पाहिला, की या गोष्टीचे महत्त्व उमगते. भाजीचे टेम्पो, मालाचे ट्रक आणि एसटी यांच्या रांगेत यात्रेकरूंच्या मिनीबसही असतात. अलीकडे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅनही महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. वृद्ध आईवडील, लहान मुले आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम सांभाळणाऱ्या कुटुंबांना अशी गाडी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु घर चाकांवर आले, म्हणजे घराचे वजनही चाकांवर आले. २०० लिटर पाण्याची टाकी भरली की २०० किलोंची भर पडते. त्यावर भांडीकुंडी, धान्य, अंथरुणे आणि दहा माणसांच्या बॅगा. गाडी रिकामी असताना पुरेसा वाटणारा दाब भरल्या गाडीला अपुरा पडतो. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने रबर व धागा यांची पकड सैल होते. टायर एका क्षणात फुटल्यासारखा वाटतो. पण बहुधा त्याची तयारी कित्येक किलोमीटर आधीपासून चाललेली असते.

यातील सर्वांत फसवी जागा म्हणजे मागची जोडचाके. अनेक मिनीबस, ट्रक आणि मोठ्या कॅराव्हॅन यांना मागे प्रत्येक बाजूस दोन-दोन टायर असतात. आतल्या टायरची हवा गेली, तरी बाहेरचा त्याचा भार उचलतो आणि गाडी सरळ उभी दिसते. भागीदारीतील एकाचे भांडवल संपलेले असावे आणि दुसऱ्याच्या जिवावर पेढी धडधाकट दिसत राहावी, तसा हा प्रकार. मग एके दिवशी दुप्पट भार वाहणारा बाहेरचा टायरही हार खातो. चालक मंडळी लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेतात. पूर्ण बसलेला टायर त्यातून कळेलही, पण १५-२० पौंडांची तूट कानाला कळत नाही. तिथे मोजमापच हवे.

हे मोजमाप गाडी चालू असताना करणारी यंत्रणा आता सहज मिळते. प्रत्येक चाकाच्या वॉल्व्हवर टोपणासारखा किंवा टायरच्या आत एक छोटा संवेदक बसतो. तो दाब आणि तापमान मोजून बिनतारी संदेशाने चालकासमोरील पडद्यावर दाखवतो आणि दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यास इशारा देतो. जोडचाकांच्या गाडीवर आतल्या दोन टायरना संवेदक बसले आहेत की नाही, हे आवर्जून पाहावे. चार चाकांचा संच सहा चाकांना पुरत नाही. लांब गाडीत मागच्या चाकांचा संदेश पुढे नीट पोहोचतो का, हेही तपासावे. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलून, ३.५ टनांपर्यंतच्या ट्यूबलेस टायरच्या प्रवासी गाड्यांत अशी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असल्यास जादा चाकाची सक्ती काढून टाकली. यंत्रणेवरील विश्वास त्यातून दिसतो. मात्र मोठ्या गाडीला जादा चाक हवेच.

यंत्र आकडा दाखवते, त्याचा अर्थ माणसाने लावायचा असतो. पहाटे २० अंश तापमानात ८० पौंड असलेला दाब, टायर ५० अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ९० पौंड होतो. ही वाढ नैसर्गिक आहे. ती पाहून वाटेत हवा काढून ८० वर आणली, तर दुसऱ्या पहाटे थंड टायरमध्ये ७१ च्या आसपासच उरते. म्हणून हवा मोजायची ती गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. आणि भरायची ती वाहनावरील फलकात आणि टायर कंपनीच्या तक्त्यात भारानुसार दिलेल्या आकड्याप्रमाणे. तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नये. नायट्रोजन भरल्याने तपासणी टळते, हाही गैरसमजच. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

यंत्राला टायरचे वयही कळत नाही. वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा व वर्ष कोरलेले असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. भाड्याने गाडी घेतानाही हे आकडे वाचण्यात संकोच बाळगू नये.

आता कल्याण परिसरातून लांबच्या प्रवासाला आणखी एक वाट मिळाली आहे. भिवंडी तालुक्यातील आमणे येथून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. शहाडच्या पुलावर वाहतूककोंडीत गाडी रखडते आणि चाकांना विसावा मिळतो. समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना तो मिळत नाही. जुन्या रस्त्यावर खपून जाणारी हवेची तूट तिथे जिवावर बेतू शकते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर यात्रांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा पहाटेचा गारवाही वाढलेला असतो. ऑक्टोबरच्या उन्हात मोजलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमीच भरते. व्यापारी घरात रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. यात्रेच्या गाडीत हा मेळ दिवस सुरू होण्याआधी जुळावा, एवढाच फरक. सहा चाके, सहा आकडे, एका छोट्या वहीत नोंद. दहा मिनिटांचे काम आहे. घरातील एखाद्या तरुण मुलाकडे किंवा सुनेकडे ही वही सोपवावी आणि ती पाहिल्याशिवाय चालकाला गाडी हलवू देऊ नये.