दाखवायचा उजेड

सोलापुरात साडी घ्यायला गेलेली बाई दुकानाच्या आत साडी पसंत करीत नाही. दुकानदाराने गादीवर दहा घड्या उलगडलेल्या असोत, वरच्या नळ्यांच्या लखलखाटात जर कितीही चमकत असो, ती त्यांतली एक उचलते, पायरीवर येते आणि उन्हात पदर धरून पाहते. आत जांभळा वाटलेला रंग बाहेर बऱ्याचदा तपकिरीकडे झुकलेला निघतो. दुकानदार यावर रागावत नाही. उलट जो पायरीपर्यंत साडी नेऊ देत नाही, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढत नाही. आईचे बोट धरून हा प्रकार आम्ही लहानपणी कैक वेळा पाहिला. परंतु विकायला काढलेल्या घरालाही याच परीक्षेतून जावे लागते, हे समजायला आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली.

शहराच्या पूर्व भागातील एका बोळात आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी राहत असत. सारा बोळ त्यांना अक्का म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. त्यांचे यजमान विणकर. घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे पत्र्याखालचा कारखाना, चार यंत्रमागांचा. मागचा अर्धा भाग जुन्या माळवदाचा. यजमान गेले, माग किलोच्या भावाने भंगारात गेले, मुलगा पुण्यात नोकरीला लागून तिकडचाच झाला. मागांसाठी एका पतसंस्थेतून काढलेले कर्ज तेवढे येथे राहिले होते. घर विकले तर ते फिटणार होते आणि अक्का मुलाकडे जाणार होत्या. एके दिवशी रविवारच्या मिस्सानंतर त्या आम्हांला थांबवून म्हणाल्या, "फादर, दोन वर्षं झाली बघा. माणसं येतात, उंबऱ्यात उभी राहतात, 'कळवतो' म्हणतात अन् जातात. तुम्ही एकदा येऊन घरावर पाणी शिंपडून जावा की."

आम्ही तीर्थजल घेऊन गेलो. प्रार्थना म्हणण्यासाठी पुस्तक उघडले आणि अक्षरे दिसेनात. चष्मा पुसला, तरी दिसेनात. तेव्हा ध्यानात आले की दोष आमच्या डोळ्यांचा नसून घराचा आहे. मोठ्या पुढच्या खोलीत एकच नळी, तीही धुळीने माखलेली, एका कोपऱ्यात उंच. फरशीत मागांचे बोल्ट बसवल्याची भोके तशीच होती आणि वर छताला चार आकडे लोंबत होते. अक्कांनी सांगितले की प्रत्येक मागावर हाताच्या अंतरावर एक नळी टांगलेली असे. तुटलेला धागा विणकराला क्षणात दिसला नाही तर कापडात दोष उतरतो. म्हणून घरातला सर्वांत चांगला उजेड मागाचा, स्वयंपाकघराच्या वाट्याला उरलासुरला. माग गेले त्यांच्याबरोबर त्या नळ्याही गेल्या.

१८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून हे गाव सुतावर जगत आले. तेलंगणातून विणकर कुटुंबे आली, मग एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, चादर आणि टॉवेलच्या यंत्रमागांनी गाव कसेबसे सावरून धरले. आता मुले पुण्याला जातात आणि मागे म्हाताऱ्या माणसांची घरे उरतात. विकाऊ घर ही आमच्या बोळाबोळांतील नित्याची गोष्ट झाली आहे, म्हणून अक्कांची हकिगत एकट्या अक्कांची नाही.

येथे आमच्या पूर्वजांच्या बाजूने दोन शब्द बोलणे आम्हांला अवश्य वाटते. सोलापूरचे जुने घर अंधारे असते ते बांधणाऱ्याला अक्कल नव्हती म्हणून नव्हे. मे महिन्यात येथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. जाड भिंत, लहान खिडकी आणि सकाळी दहाच्या आत मिटलेली दारे, एवढ्या तीन उपायांवर माणसे उन्हाळा काढीत. येथे अंधार म्हणजे गारवा. इंग्लंडात १६९६ मध्ये घराच्या खिडक्या मोजून कर बसवला गेला आणि तो १८५१ पर्यंत चालला. कर चुकवण्यासाठी लोकांनी चक्क खिडक्या विटांनी बुजवल्या. तिकडे सरकारच्या भयाने जे झाले, ते आमच्याकडे सूर्याच्या भयाने झाले. परंतु गिऱ्हाईक हा इतिहास ऐकायला येत नाही. आणि अक्कांचा एजंट गिऱ्हाइकांना आणीत होता रविवारी भर दुपारी, म्हणजे नेमके घर मिटून बसलेले असते त्या वेळी. रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे तशीही काही मिनिटे अंधारी येते. तेवढ्या मिनिटांतच तो 'कळवतो' म्हणून निघून जाई.

आम्ही पहिली सूचना केली ती विनाखर्चाची. घराचे तोंड पूर्वेला. तेव्हा माणसे सकाळी आठला बोलवावीत. एजंटला ती पसंत पडली नाही. त्याचे म्हणणे, पुढच्या खोलीत पीओपीचे छत करावे, त्यात रंगीत दिव्यांच्या पट्ट्या सोडाव्यात, "दिवाळी दिसली पाहिजे फादर, दिवाळी." दुसरीकडून अक्कांच्या मुलाच्या कोणा मित्राने अमेरिकेहून कळवले की संत योसेफांचा लहान पुतळा अंगणात उलटा पुरला की घर विकले जाते. तिकडे खरोखरच ही चाल आहे. आम्ही अक्कांना म्हणालो, संत योसेफ हे सुतार. त्यांना मातीत डोक्यावर उभे करण्यापेक्षा तुमच्या खिडकीची अडकलेली फळी मोकळी करायला सांगू. ती फळी शेवटी बोळातल्याच एका सुताराने मोकळी केली. खिडकीच्या काचा धुतल्या तेव्हा बादलीतले पाणी तीनदा बदलावे लागले.

दिव्यांचे शिक्षण आम्हांला विजेची कामे करणाऱ्या एका तरुणाकडून मिळाले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, थोडी लॅटिनही शिकलो. लॅटिनमध्ये 'लुमेन' म्हणजे प्रकाश. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ मधील एका प्रमुख दस्तऐवजाचे नावच या शब्दाने सुरू होते. तो शब्द तीस वर्षांनी दिव्याच्या खोक्यावर भेटेल असे वाटले नव्हते. तो पोरगा म्हणाला, "फादर, वॅट बघू नका. वॅट म्हणजे बिल. उजेड किती ते ल्यूमेनमध्ये." जुना ६० वॅटचा दिवा सुमारे ७०० ल्यूमेन देई, आजचा ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि हे दिवे गरिबाच्याही हाती पडले. परंतु खोक्यावरचे बाकीचे आकडे वाचण्याची सवय काही पडली नाही. त्यांतला एक केल्विनचा. २७०० म्हणजे जुन्या दिव्यासारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आमच्या लोकांना पांढराच आवडतो, कारण पिवळा म्हटला की त्यांना लोडशेडिंगच्या काळातील मिणमिणता दिवा आठवतो. आमचे मत वेगळे आहे. त्या निळसर उजेडात धडधाकट माणसाचा चेहराही आजाऱ्यासारखा दिसतो, आणि ज्या घरात सगळे आजारी दिसतात ते विकत घ्यावे असे कोणाला वाटेल? यावर अक्कांचे उत्तर होते, "पिवळ्यात पैसे मोजता येत नाहीत, फादर." अखेर तडजोड झाली. पुढच्या खोलीत ४००० चे, स्वयंपाकघरात पांढरा, मागे झोपायच्या खोलीत पिवळा.

तिसरा आकडा रंग खरा दाखवण्याचा. जुना तारेचा दिवा त्यात १०० च्या जवळ; साधारण एलईडी ८० च्या आसपास. साडी पायरीवर का न्यावी लागते, याचे उत्तर आम्हांला त्या खोक्यावर मिळाले.

एका मोठ्या दिव्यापेक्षा चार लहान बरे, हेही तेथेच कळले. एकच दिवा मध्यभागी जळला की कोपरे काळे पडतात आणि खोली लहान होते. चार ठिकाणचा उजेड एकमेकांच्या सावल्या पुसतो. टांगायला जागा शोधावी लागली नाही. मागांचे चार आकडे होतेच. भिंतींना पूर्वी गडद हिरवा ऑइलपेंट होता, त्यावर पांढरा रंग दिला. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार-पंचमांश परत देते, गडद भिंत बहुतेक सारा गिळते. म्हणजे दिव्यांवर पैसा ओतण्याआधी तो भिंतीवर घालणे शहाणपणाचे.

खरी गंमत मागच्या माळवदात होती. तेथे छताच्या मधोमध एक झरोका होता, पण पावसाचे पाणी येते म्हणून तो फार वर्षांपूर्वी पत्रा ठोकून बंद केलेला. रोममधील पँथिऑन आम्हांला तेव्हा आठवले. सातव्या शतकाच्या आरंभापासून चर्च म्हणून वापरात असलेली ती प्राचीन वास्तू. तिच्या घुमटाच्या शिखरावर सुमारे ९ मीटर व्यासाचे उघडे छिद्र आहे, त्याला काच नाही, खिडकी नाही, आणि दाराखेरीज उजेडाला दुसरी वाट नाही. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. आम्ही अक्कांना हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, "रोममध्ये ठीक आहे. इथं माझ्या ज्वारीवर पाणी पडलं तर?" मग जाड काच बसवून कडेला सिमेंटचा कठडा केला. पत्रा निघाला तेव्हा फरशीवर उन्हाचा एक चौकोन पडला. अक्का त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो चौकोन तेथे होता. भिंतीच्या कोणत्या दगडावर तो आला की यजमान जेवायला उठत, ते त्यांनी आम्हांला दाखवले.

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना लेखणी अडखळते. मागच्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीला ओल होती. शेजारच्या घराची पन्हळ नेमकी त्या भिंतीवर पडे, आणि पावसाळ्यात तेथे परातीएवढा डाग उमटे. रंग दिला तरी पंधरा दिवसांत तो वर आला. तोवर आम्ही या कामात इतके रमलो होतो की घर विकले जाणे ही जणू आमचीच परीक्षा झाली होती. आम्ही अक्कांना सुचवले की लोखंडी कपाट त्या भिंतीशी सरकवावे आणि समोरच्या भिंतीवर एक दिवा असा लावावा की येणाऱ्याची नजर तिकडेच जावी. खोटे काही बोलायचे नव्हते. केवळ उजेड कोठे टाकायचा एवढाच प्रश्न होता, असे आम्ही स्वतःला समजावले. पाप-पुण्याच्या अशा नाजूक पायऱ्या सोडवून दाखवण्यात आमच्यासारख्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. अक्का काही बोलल्या नाहीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी आठला एक जोडपे यायचे होते. शाळेचे गणवेश शिवण्याचा त्यांचा धंदा. हा धंदा सोलापुरात अलीकडे बराच फोफावला आहे. आमचा मिस्सा नऊला, म्हणून आम्हीही मुद्दाम गेलो. पाहतो तो कपाट जुन्या जागी परत गेलेले, आणि त्या डागाच्या शेजारी खिळ्याला एक दिवा लटकतो आहे. आम्ही अक्कांकडे पाहिले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांचं शिवणाचं कापड ह्याच भिंतीला लागणार, फादर. पहिल्या पावसात शिव्या कोणाला बसतील?"

जोडपे आले. नवऱ्याने फरशीतली भोके पाहिली, वरचे आकडे पाहिले, समाधानाने मान हलवली. बाईने मात्र चारी दिव्यांकडे एकेक करून पाहिले आणि म्हणाली, "ओ अक्का, सगळे लाइट बंद करा बघू."

आमच्या सहा आठवड्यांच्या परिश्रमांवर अक्कांनी एकेक बटण दाबून पाणी सोडले. बाई मागच्या खोलीत झरोक्याखाली जाऊन उभी राहिली. मंगळसूत्राला अडकवलेली सुई तिने काढली, पिशवीतून काळा दोरा काढला आणि उभ्या उभ्या सुईत ओवला. पहिल्याच प्रयत्नात. मग ती डागाच्या भिंतीकडे गेली, तळहात टेकवून ओल पाहिली, अक्कांना पन्हळीची सगळी हकिगत विचारली. अक्कांनी शेजाऱ्याला दोनदा सांगितल्याचेही सांगितले आणि त्याने ऐकले नाही तेही. व्यवहार ठरला तो पन्हळीचे आणि गिलाव्याचे चाळीस हजार वजा करून. आमच्या युक्तीने ते चाळीस हजार कदाचित वाचले असते, असा विचार त्या दिवशी मिस्सा चालू असतानाही मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

दिवाळीच्या आधी दस्त झाला. पतसंस्थेचे कर्ज फिटले. अक्का पुण्याला गेल्या तेव्हा दिवे त्यांनी तेथेच ठेवले, फक्त झोपायच्या खोलीतला पिवळा काढून पदराच्या गाठीत बांधून नेला. पुण्याच्या खोलीत सारे पांढरेच आहेत म्हणे. त्या बोळातून आम्ही रात्री कधी जातो तेव्हा उघड्या दारातून चारही आकड्यांवरचे दिवे दिसतात, पूर्वीपेक्षा हातभर खाली आलेले, आणि प्रत्येकाखाली एक शिलाई यंत्र. पन्हळ अजून वळवलेली नाही, शेजाऱ्याशी बोलणी चालू आहेत. विजेच्या मीटरचे नावही अजून बदललेले नाही. बिल अक्कांच्या यजमानांच्या नावाने येते, गणवेशवाले ते भरतात आणि पावती आमच्याकडे आणून देतात, अक्कांना कळवा म्हणून.